ऑडिओलॉजीचं शिक्षण आणि शिष्यवृत्त्या: पुण्यातल्या विद्यार्थी-पालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी पुण्यात ऑडिओलॉजिस्ट म्हणून काम करते. बारावीचे निकाल लागले की आजीला कानाचं मशीन लावायला आलेली नात हळूच विचारते, "मॅडम, हे शिकायचं असेल तर कुठे जावं लागतं?" मग तिचे बाबा विचारतात, "खर्च किती आणि स्कॉलरशिप मिळते का?" दोन्ही प्रश्नांची उत्तरं एकमेकांत गुंतलेली आहेत. कुठली शिष्यवृत्ती मिळणार, हे तुमच्या मार्कांइतकंच तुम्ही कुठल्या मार्गाने प्रवेश घेता यावर ठरतं. म्हणून पैशांचा विचार प्रवेश घेण्याच्या आधी करा.

ऑडिओलॉजिस्ट म्हणजे कानाचा डॉक्टरच ना?

नाही. कानाचा पडदा फाटला, कान वाहतो, हाड सडलं, ऑपरेशन लागणार, ही कामं कान-नाक-घसा तज्ज्ञांची. ते एमबीबीएस करून पुढे एमएस किंवा डीएनबी झालेले असतात. ऐकू किती येतं, कुठल्या स्वरांत कमी येतं, दोष बाहेरच्या कानात आहे की आतल्या नसेत, हे तपासणं आणि त्यानुसार श्रवणयंत्र बसवणं, कॉक्लियर इम्प्लांटचं, म्हणजे ऑपरेशन करून आतल्या कानात बसवलेल्या यंत्राचं, प्रोग्रॅमिंग करणं, तोल जाण्याच्या तपासण्या करणं, लहान मुलाला ऐकायला आणि बोलायला शिकवणं, हे आमचं काम. दोघं एकमेकांकडे पेशंट पाठवतात. आम्ही औषध लिहून देत नाही आणि नुसत्या पदवीवर नावापुढे 'डॉ.' लावत नाही. पीएचडी केल्यावर लावता येतं.

दिवसभर मशीनचीच बटणं दाबायची का?

मशीन असतंच. पण खरी कसोटी समोरच्या माणसाशी लागते. साडेतीन वर्षांचं मूल तपासणीला येतं. आवाज न शिरणाऱ्या खोलीत त्याला बसवायचं, कानांवर हेडफोन, हातात लाकडी ठोकळा. आवाज आला की ठोकळा डब्यात टाकायचा. आईला मागे बसवून बजावावं लागतं, "ताई, तुम्ही मान हलवू नका, हसू नका." आवाज ५० डेसिबलवरून ४०, मग ३० वर आणायचा. एका टप्प्यावर मूल ठोकळा गालाशी धरून थांबतं आणि आपल्या तोंडाकडे बघतं. आता त्याने खरंच ऐकून ठोकळा टाकला की आपला चेहरा वाचून, हे ओळखणं पुस्तकातून येत नाही. त्याच एका ठोकळ्यावर पुढे मशीन किती आवाजाचं लावायचं ते ठरतं.

त्याहून लहान बाळांची बेरा टेस्ट झोपेत करतात. डोक्याला इलेक्ट्रोड लावून मेंदूपर्यंत पोचणारे संदेश मोजायचे. "आदल्या रात्री उशिरा झोपवा, सकाळी लवकर उठवा, गाडीत डुलकी लागू देऊ नका," हे आईवडिलांना सांगायचं. आणि तरीही बाळ केबिनमध्ये टक्क जागंच असतं, तेव्हा तासभर वाट बघायची. हा धीर नसेल तर या क्षेत्राचा पुन्हा विचार करा, असं मी मुलांना स्पष्ट सांगते.

कोर्स कोणता आणि किती वर्षांचा?

पदवीचं नाव बीएएसएलपी, म्हणजे ऑडिओलॉजी आणि स्पीच-लँग्वेज पॅथॉलॉजी असे दोन्ही विषय एकत्र. चार वर्षं: तीन वर्षं शिक्षण आणि एक वर्ष इंटर्नशिप. त्यामुळे पदवीनंतर कानाचं आणि वाचाउपचाराचं, दोन्ही कामं करता येतात. पुढे दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी. काही संस्थांत ती एकत्र एमएएसएलपी म्हणून असते, काही ठिकाणी ऑडिओलॉजीची वेगळी एमएस्सी मिळते. त्यानंतर पीएचडी.

एक वर्षाचा डिप्लोमा पुरतो का?

डीएचएलएस नावाचा डिप्लोमा आहे. तो केलेली मुलं सहायक म्हणून उपयोगी काम करतात, पण स्वतंत्र ऑडिओलॉजिस्ट व्हायचं तर पदवीच लागते. घरची परिस्थिती अगदीच ओढगस्तीची असेल तर डिप्लोमा करून कमवायला लागा, नाहीतर चार वर्षं काढा.

पुण्यात कुठे शिकता येतं?

धनकवडीच्या आवारात भारती विद्यापीठाचं स्कूल ऑफ ऑडिओलॉजी अँड स्पीच लँग्वेज पॅथॉलॉजी आहे. शेजारीच रुग्णालय असल्याने पेशंट भरपूर बघायला मिळतात, आणि या कोर्समध्ये तेच महत्त्वाचं. हे अभिमत (डीम्ड) विद्यापीठ आहे हे लक्षात ठेवा, शिष्यवृत्तीच्या प्रश्नात त्याचा मोठा संबंध येणार आहे.

मुंबईचे पर्यायही पुणेकरांनी बघायलाच हवेत. वांद्रे रेक्लमेशनला १९८३ साली सुरू झालेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था केंद्र सरकारची आहे. मुंबई सेंट्रलला नायर रुग्णालयाच्या टोपीवाला महाविद्यालयात महापालिकेचा अभ्यासक्रम चालतो. तो देशातल्या जुन्या अभ्यासक्रमांपैकी आहे. राज्याबाहेर जायची तयारी असेल तर म्हैसूरची अखिल भारतीय वाक् आणि श्रवण संस्था. १९६५ पासूनची ही संस्था या क्षेत्रात देशात सगळ्यात नावाजलेली. सरकारी संस्थांत जागा थोड्या आणि फी कमी, त्यामुळे चुरस जास्त.

नीट द्यावी लागते का?

महाराष्ट्रात आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांतला बीएएसएलपीचा प्रवेश सीईटी सेलच्या केंद्रीय प्रक्रियेतून, म्हणजे कॅप राउंडमधून होतो आणि त्यासाठी नीट-यूजी लागते. त्यामुळे बारावीला जीवशास्त्र घ्या. अभिमत विद्यापीठं आणि राष्ट्रीय संस्था आपापली प्रवेशप्रक्रिया जाहीर करतात. नियम वर्षागणिक बदलतात, म्हणून मागच्या वर्षीच्या ताईदादांच्या सांगण्यावर न जाता त्या वर्षीची माहितीपुस्तिका स्वतः वाचा.

एमबीबीएस हुकलं म्हणून नाइलाजाने इकडे आलेली मुलं पहिल्या वर्षी उदास असतात. त्यातली बरीच पहिल्या पोस्टिंगनंतर रमतात, काही रमत नाहीत. ज्यांना माणसांशी बोलायला मनापासून आवडतं ती रमतात, असं मला दिसलंय.

कॉलेज खरं आहे की नाही, कसं ओळखायचं?

भारतीय पुनर्वास परिषदेची, म्हणजे आरसीआयची मान्यता त्या कोर्सला, त्या वर्षासाठी आहे का, हे परिषदेच्या संकेतस्थळावर बघा. ही परिषद १९९२ च्या कायद्याने चालते. पदवीनंतर तिच्या केंद्रीय नोंदवहीत नाव घालून सीआरआर क्रमांक घ्यावा लागतो. त्याशिवाय काम करणं गुन्हा आहे. एक वर्षापर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा कायद्यातच आहे. मान्यता नसलेल्या कोर्सला हा क्रमांक मिळत नाही. पालकांनी लाखो रुपये भरून हाती नुसता कागद राहिलेला मी बघितलाय. फी भरायच्या आधी ही एक गोष्ट तपासाच.

शिष्यवृत्ती नेमक्या कुठल्या मिळतात?

'ऑडिओलॉजी शिष्यवृत्ती' असं शोधलं तर परदेशातल्याच दिसतात आणि मुलं निराश होतात. आपल्याकडची मदत विषयाच्या नावाने येत नाही. ती प्रवर्ग, उत्पन्न, मार्क आणि प्रवेशाचा मार्ग बघून येते.

मुलींपासून सुरुवात करते, कारण या वर्गात मुलीच जास्त असतात. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने व्यावसायिक अभ्यासक्रमांना प्रवेश घेणाऱ्या आर्थिक दुर्बल घटक, एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग) आणि ओबीसी प्रवर्गांतल्या मुलींना शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत हवं. अट अशी की प्रवेश शासनाच्या केंद्रीय प्रक्रियेतूनच झालेला असावा. खाजगी अभिमत विद्यापीठं आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं यातून वगळली आहेत. म्हणजे एकाच घरातल्या दोन बहिणींपैकी कॅपमधून गेलेलीची फी माफ होते आणि अभिमत विद्यापीठात गेलेलीला पूर्ण भरावी लागते. घराजवळचं कॉलेज की मुंबईचं, हा निर्णय करताना ही रक्कम कागदावर मांडून बघा. मुंबईच्या हॉस्टेलचा खर्च धरूनही कधी कधी मुंबईच स्वस्त पडते.

खुल्या प्रवर्गातल्या मुलग्यांसाठी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे, लोक तिला ईबीसी म्हणतात. उत्पन्नाची मर्यादा ८ लाख, शिक्षण शुल्काचा निम्मा भार शासन उचलतं, कुटुंबातल्या दोनच मुलांना लाभ मिळतो.

अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती, उत्पन्न २.५ लाखांपर्यंत. त्याच्या वर असाल तर फ्रीशिप, म्हणजे शुल्कमाफी. अनुसूचित जमाती, ओबीसी, व्हीजेएनटी (भटके-विमुक्त), एसबीसी (विशेष मागास) यांच्या योजना वेगवेगळ्या विभागांच्या आहेत, पण अर्ज सगळ्यांचा राज्य शासनाच्या महाडीबीटी पोर्टलवरच.

गावाहून पुण्यात येऊन राहायचं, त्याचं काय?

फीपेक्षा हाच खर्च घराला जास्त टोचतो, आणि याच योजनांची माहिती सगळ्यात कमी असते. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. पुण्या-मुंबईसारख्या शहरांत वर्षाला ६० हजार रुपये: भोजनाचे ३२ हजार, राहण्याचे २० हजार, निर्वाहाचे ८ हजार. अनुसूचित जमातीसाठी याच धर्तीवर पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयं योजना, इतर मागास आणि भटक्या-विमुक्तांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना. विद्यार्थी त्या शहराचा रहिवासी नसावा, ही अट असते. अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांना डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता मिळतो.

पुण्याची म्हणून एक संस्था आवर्जून सांगते: विद्यार्थी सहाय्यक समिती. अच्युतराव आपटे यांनी १९५५ मध्ये सुरू केलेली. ग्रामीण भागातल्या गरजू मुलामुलींची राहण्या-जेवणाची सोय अत्यल्प खर्चात होते, मुलाखत घेऊन निवड करतात. जूनमध्ये धावपळ करण्यापेक्षा परीक्षा संपताच चौकशी करा.

महाडीबीटीचा अर्ज का अडकतो?

बहुतेक वेळा कागदांपायी. उत्पन्नाचा दाखला तहसीलदाराचा आणि चालू वर्षाचा लागतो. जात पडताळणी प्रमाणपत्र वेळेत मिळत नाही, म्हणून त्याचा अर्ज अकरावीतच टाका. ओबीसी असाल तर नॉन-क्रीमी लेयरची मुदत संपलेली नाही ना, ते बघा. नीटसाठी एक वर्ष गॅप घेतला असेल तर त्याचं प्रतिज्ञापत्र हवं.

आणि बँक. आधार खात्याला लिंक असणं वेगळं आणि शासनाचे पैसे थेट जमा होण्यासाठी त्या खात्यावर सीडिंग, म्हणजे एनपीसीआय या देशाच्या पेमेंट संस्थेकडे नोंद, असणं वेगळं. दोन खाती असतील तर पैसे शेवटी सीड केलेल्या खात्यात जातात, मग मूल म्हणतं आलेच नाहीत. शाखेत जाऊन, "माझं आधार एनपीसीआयला याच खात्याशी सीड आहे का?" असं विचारा.

अर्ज भरून झाला की काम संपलं असं नाही. तो आधी कॉलेजच्या क्लार्ककडे आणि मग विभागाकडे जातो. कॉलेजकडेच महिनोन्‌महिने पडून राहिलेले अर्ज असतात. आठवड्याने एकदा लॉगिन करून स्थिती बघा, क्लार्क काकांना भेटा, त्रुटी काढली असेल तर त्याच दिवशी पूर्ण करा. दरवर्षी नूतनीकरण करायचं असतं; दुसऱ्या वर्षी ते विसरून लाभ गमावणारी मुलं थोडीथोडकी नाहीत.

केंद्र सरकारचं आणि खाजगी काही आहे का?

आहे. बारावीला आपल्या बोर्डाच्या वरच्या २० टक्क्यांत असाल आणि कुटुंबाचं उत्पन्न ४.५ लाखांपर्यंत असेल तर राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवरची सेंट्रल सेक्टर शिष्यवृत्ती बघा: पदवीच्या पहिल्या तीन वर्षांत वर्षाला १२ हजार, चार वर्षांच्या व्यावसायिक अभ्यासक्रमात चौथ्या वर्षी २० हजार. दुसरी सरकारी शिष्यवृत्ती चालू असेल तर ही घेता येत नाही, म्हणून मोठी कुठली ते बघून एकच निवडा. खाजगींमध्ये रिलायन्स फाउंडेशनची पदवी शिष्यवृत्ती कुठल्याही शाखेला चालते, एचडीएफसी बँकेची परिवर्तन योजना आहे. अशा योजनांत कधी कधी निबंध किंवा मुलाखत असते. तिथे "मला समाजसेवा करायची आहे" असं लिहू नका. तुम्ही कोणाला बघून या क्षेत्राकडे वळलात, ते साध्या शब्दांत लिहा.

अभिमत विद्यापीठातच प्रवेश मिळाला. आता?

प्रवेश कार्यालयात थेट विचारा: "कुठली शासकीय शिष्यवृत्ती इथे लागू होते? विद्यापीठाची स्वतःची गुणवत्ता किंवा आर्थिक सवलत आहे का?" लेखी उत्तर मागा. त्यानंतर शैक्षणिक कर्ज. ७.५ लाखांपर्यंतच्या कर्जाला केंद्राच्या हमी योजनेत तारण लागत नाही. कुटुंबाचं उत्पन्न ४.५ लाखांच्या आत आणि संस्था मूल्यांकनप्राप्त असेल तर शिक्षण चालू असतानाचं व्याज केंद्र भरतं. एक सल्ला माझा: चारही वर्षांची फी, हॉस्टेल, पुस्तकं मिळून पूर्ण आकडा काढा आणि पहिल्या वर्षीच तेवढं मंजूर करून घ्या. तिसऱ्या वर्षी वाढवून मागायला गेलं की बँक हात आखडता घेते.

मला स्वतःला कमी ऐकू येतं. मी हे शिकू शकतो का?

हो, आणि तुम्ही यावंच असं मला मनापासून वाटतं. श्रवणयंत्र किंवा इम्प्लांट वापरणारे ऑडिओलॉजिस्ट आहेत. पेशंटच्या आईवडिलांना तुमच्याकडे बघून जो धीर येतो, तो आमच्या शंभर वाक्यांनी येत नाही. यंत्राचा आवाज कानाने तपासणं, बारीक उच्चारदोष ओळखणं, अशा काही कामांत साधनं किंवा सहकारी लागतील. त्याबद्दल विभागप्रमुखांशी आधीच बोला. ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं राष्ट्रीय ओळखपत्र) काढून ठेवा. दिव्यांग विद्यार्थ्यांची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती राष्ट्रीय पोर्टलवर आहे, उत्पन्न मर्यादा २.५ लाख.

नोकरी कुठे मिळते? पुण्यात काम आहे का?

रुग्णालयांचे कान-नाक-घसा विभाग, श्रवणयंत्रांच्या क्लिनिक, विशेष शाळा, बालविकास केंद्रं, इम्प्लांट कंपन्या. सरकारीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखालच्या जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रांत ऑडिओलॉजिस्टचं पद असतं, ते बहुधा कंत्राटी. २००६-०७ पासून बधिरता प्रतिबंधाचा राष्ट्रीय कार्यक्रमही चालू आहे.

पुण्याला हे काम दोन कारणांनी जास्त लागतं. एक, चाकण, भोसरी, रांजणगावची कारखानदारी. प्रेस शॉप आणि फोर्जिंगमधल्या कामगारांच्या कानांची नियमित तपासणी करावी लागते. आवाजाने गेलेलं ऐकणं आधी ४००० हर्ट्झच्या आसपास जातं. माणसाला गप्पा ऐकू येत असतात, म्हणून त्याला पत्ताच लागत नाही, आलेखावर मात्र खड्डा दिसतो. दुसरं, आपला गणेशोत्सव. ढोल-ताशा पथकातल्या, मिरवणुकीत स्पीकरच्या भिंतींसमोर तासन्‌तास नाचलेल्या विशी-पंचविशीच्या मुलांची, कानात शिट्टी वाजते म्हणून सप्टेंबरमध्ये रांग लागते. पथकात वाजवूच नका असं मी म्हणत नाही, पण प्रत्येकाच्या कानात इअरप्लग असावेत. पथकांच्या सरावाला जाऊन हे सांगणारे ऑडिओलॉजिस्ट पुण्याला अजून हवे आहेत.

पगार किती मिळतो?

सुरुवातीचा पगार साधाच असतो आणि पुण्यात उमेदवार जास्त असल्याने आणखी साधा. सातारा, सोलापूर, लातूरकडे गेलात तर माणूस मिळत नाही म्हणून बरा मिळतो आणि कामही सगळ्या प्रकारचं बघायला मिळतं. पहिली दोन वर्षं तिकडे काढा, असं मी सांगते. नोकरी घेताना नियुक्तीपत्र नीट वाचा. पगार जर मशीन विक्रीच्या टार्गेटवर ठरणार असेल तर मुलाखतीतच विचारा, "पेशंटला मशीनची गरज नसेल तर काय?" उत्तर ऐकून ठरवा.

मराठी माध्यमातून शिकलेल्यांना जमेल का?

अभ्यास इंग्रजीत आहे, पहिलं सत्र जड जातं. पण पेशंट मराठीत बोलतो. शब्द ऐकवून ते परत म्हणायला लावायची चाचणी पेशंटच्या भाषेतच करावी लागते. जुन्नरच्या आजोबांनी 'वाट' ऐकलं की 'वात', हे ओळखायला मराठी कान लागतो. लहान मुलाला बोलायला शिकवताना तर घरचीच भाषा हवी, भाकरीला भाकरीच म्हणायला हवं. इंग्रजी वर्षभरात येतं.

परदेशी जायचं असेल तर?

अमेरिकेत ऑडिओलॉजिस्ट व्हायला पदवीनंतर साधारण चार वर्षांची एयूडी ही डॉक्टरेट लागते, आपली मास्टर्स तिथे थेट चालत नाही. ऑस्ट्रेलियात मास्टर्सचा मार्ग आहे. आखाती देशांत त्यांची परवाना परीक्षा द्यावी लागते. पैशांसाठी अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. १८९२ पासूनची जे. एन. टाटा एंडाउमेंट सगळ्यांना खुली आहे, पण ती कर्जरूपाने मिळते, परत करायची असते.

प्रवेशाआधी हे काम बघायला मिळेल का?

मिळेल, आणि बघाच. जवळच्या रुग्णालयाच्या ऑडिओलॉजी विभागाला किंवा कर्णबधिर मुलांच्या शाळेला साधा अर्ज लिहा: नाव, बारावीचं कॉलेज, दोन दिवस बसून बघायची परवानगी हवी, एवढंच. सोबत कॉलेजचं ओळखपत्र न्या. पेशंटचा फोटो काढायचा नाही, मधे बोलायचं नाही. सकाळची ओपीडी निवडा, कारण लहान मुलांच्या तपासण्या बहुधा तेव्हाच असतात.